फटफटीची शेपूट

घोड्याची शेपूट छाटण्याची चाल इंग्रजांत जुनी. गाडीला जुंपलेल्या जनावराची लांब शेपूट लगामात गुंतते, म्हणून ती आखूड करायची. आणि अशा आखूड शेपटीला ते लोक ‘बॉब’ म्हणत. पहिले महायुद्ध संपल्यावर तोच शब्द बायकांच्या केसांना लागला. आपल्याकडे तो ‘बॉबकट’ होऊन आला आणि कित्येक सोवळ्या घरांतून त्याने सासवा-सुनांचा अबोला घडवून आणला. केसांवरून उडालेला हा शब्द पुढे मोटारसायकलवर जाऊन बसला. पुढचा मडगार्ड मुळीच नसलेली, मागचा अर्धा कापलेली, एकट्या माणसापुरतीच बैठक असलेली जी गाडी, तिला अमेरिकेत ‘बॉब-जॉब’ आणि मग ‘बॉबर’ म्हणू लागले.

त्यातही एक जात अधिक कडक. मागच्या चाकाला स्प्रिंग नाही, दणका खाणारे ते दोन नळकांड्यांसारखे शॉकअब्सॉर्बर नाहीत. सांगाड्याच्या नळ्या सरळ उतरून चाकाच्या आसाला भिडतात. ही ‘हार्डटेल’, म्हणजे सरळ मराठीत ताठ शेपटीची. जुनी, चांगली स्प्रिंगवाली गाडी घ्यायची, तिचा मागचा भाग करवतीने कापायचा, त्या जागी नळ्यांचा ताठ त्रिकोण वेल्डिंगने जोडायचा आणि तिला ‘हार्डटेल बॉबर’ करून सोडायचे, हा उद्योग आज जगभर हौसेने चालतो. पैसे देऊन दणके विकत घेणारा मनुष्य पाहिला की आपल्या वाडवडिलांना हसू आले असते. पण हसण्याआधी या हौसेचा इतिहास पाहिला पाहिजे, कारण तो वाटतो त्याहून मौजेचा आहे.

पहिली गोष्ट अशी, की ताठ शेपूट ही मूळची आहे. लवचिक शेपूट मागाहून आली. १८८५ साली जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी जी पहिली पेट्रोलवर चालणारी दुचाकी केली, तिचा सांगाडा लाकडी होता आणि मागच्या चाकाला स्प्रिंगचा पत्ता नव्हता. आसनाखालचे इंजिन इतके तापे, की पहिल्याच सफरीत आसनाने पेट घेतला असे सांगतात. पुढची पन्नासेक वर्षे बहुतेक मोटारसायकली म्हणजे इंजिन बांधलेल्या सायकलीच होत्या. पुढच्या चाकाला थोडी लवचिकता आली, पण मागे सगळा भार आसनाखालच्या दोन स्प्रिंगांवर आणि स्वाराच्या कण्यावर. अमेरिकेतल्या ‘इंडियन’ नावाच्या कंपनीने (नावापलीकडे तिचा आपल्याशी काही संबंध नाही) १९१३ साली मागच्या चाकाला टांग्याच्या कमानींसारख्या पात्यांच्या स्प्रिंगा लावून पाहिल्या. लोकांना ते फारसे रुचले नाही. स्प्रिंगने गाडी डुलते, वळणावर धरवत नाही, अशी तक्रार असे. आणि त्या काळच्या कारागिरीत ती खोटीही नव्हती.

ताठ गाडीचे काही गुण खरेच आहेत, ते सांगितले पाहिजेत. चाक वर-खाली होत नसल्यामुळे चेन कधी ताठ, कधी सैल असे होत नाही. झिजणारे बुश नाहीत, तेल गळणारे शॉकअब्सॉर्बर नाहीत. वजन कमी. मागच्या चाकापासून पुढच्या हँडलपर्यंत सांगाड्याची रेघ एकसंध, उतरत्या कौलासारखी दिसते, आणि तीच या हौशी लोकांना भुरळ घालते. दोष एकच, पण मोठा. खड्ड्यावर चाक नुसते दणका देत नाही, जमीन सोडून उडते. आणि जमीन सुटलेल्या चाकाला ब्रेकही नाही आणि पकडही नाही.

आता अमेरिका. तिकडे १९२०च्या दशकातच कॅलिफोर्नियातील पोरे जुन्या हार्ले गाड्यांचे सांगाडे कापून ठेंगणे करीत. १९३३च्या सुमारास तिथल्या मोटारसायकल संघटनेने शर्यतींचा एक नवा वर्ग काढला. मंदीचे दिवस, कारखान्यांनी खास बनवलेल्या महागड्या शर्यती गाड्या परवडेनात. तेव्हा बाजारात मिळणारी साधी गाडीच शर्यतीत उतरवावी असे ठरले. मग काय, रविवारी सकाळी स्वार आपली रोजची गाडी चालवीत मैदानावर येई, दिवा काढी, मडगार्ड काढी, शर्यत धावे आणि संध्याकाळी उरलेसुरले परत लावून घरी जाई. काहींनी परत लावणेच सोडून दिले. बॉबरचा जन्म असा काटकसरीतून झाला आहे, डौलातून नव्हे.

विदर्भातल्या वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्या शंकरपटातला छकडा आठवा. शेतातल्या गाडीला साटा असतो, उभे खुंटे असतात, पोती मावतात, पोरेबाळे मावतात. पटावर धावणाऱ्या छकड्याला यांतले काही नाही; दोन चाके, एक दांडी आणि वर जीव मुठीत धरून बसलेला एकटा धुरकरी. वजन काढून वेग आणण्याची अक्कल कोणा एका देशाची मक्तेदारी नाही. शंकरपटावर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती. राज्याने कायदा केला, ते छकडे पुन्हा धुळीतून बाहेर निघाले, आणि २०२३च्या मे महिन्यात न्यायालयाने तो कायदा मान्य केला.

दुसऱ्या महायुद्धाने ताठ शेपटीच्या गाड्या साऱ्या पृथ्वीवर पसरवल्या. ब्रिटनच्या बी.एस.ए. कारखान्याने एम-२० ही गाडी सव्वा लाखाच्या वर केली. अमेरिकेच्या हार्लेने युद्धाची गाडी सुमारे नव्वद हजार केली. दोन्ही मागून ताठ. युद्ध संपल्यावर हा माल लिलावात निघाला. अमेरिकेत परतलेल्या तरुण शिपायांनी स्वस्तात गाड्या घेतल्या, युरोपात पाहिलेल्या हलक्या गाड्यांची नजर होतीच. त्यांनी लष्करी लोखंड भराभर छाटून टाकले. बॉबरची मोठी लाट ती हीच.

लढाईतला असाच माल हिंदुस्थानातही उरला होता. आपण त्याचे काय केले? इथे इतिहास दोन वाटांनी जातो, आणि मला ही जागा सर्वांत महत्त्वाची वाटते. दिल्लीत फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी त्या हार्ले आणि इंडियन गाड्यांची शेपूट कापली खरी, पण कापलेल्या जागी दोन चाकांची पेटी जोडली आणि तीत उतारू बसवले. चांदणी चौकात ही वाहने ‘फटफटिया’ म्हणून कित्येक वर्षे धावली. धुराच्या तक्रारींपायी नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस ती बंद झाली. आपल्या मराठीतला ‘फटफटी’ हा शब्द त्याच आवाजाच्या कुळातला. सौराष्ट्रात बुलेटचे तोंड आणि मागे माल वाहणारी गाडी असा ‘छकडो’ निघाला. अबुझमाडच्या बाजूला, छत्तीसगडच्या नारायणपूर जिल्ह्यात, २०१०च्या दशकात मोटारसायकलला खाट जोडून बाळंतिणींना दवाखान्यात नेण्याची सोय झाली. अमेरिकन पोराने शेपूट कापली ती एकटे बसण्यासाठी. आपल्या लोकांनी कापली ती आणखी चार जणांना बसवण्यासाठी. यात कोणी शहाणा आणि कोणी वेडा असे नाही. ज्याच्या घरी जेवढी माणसे, तेवढी त्याची गाडी लांब.

स्प्रिंगवाल्या शेपटीची कथा मात्र युरोपातून सांगावी लागते. प्राग शहरात फ्रान्तिशेक यानेचेक या कारखानदाराने १९२९ साली ‘वान्डरर’ या जर्मन गाडीचे हक्क घेतले आणि आपल्या नावाचे ‘या’ आणि गाडीच्या नावाचे ‘वा’ जोडून ‘यावा’ हे नाव केले. आपण ते लिपीप्रमाणे ‘जावा’ वाचले. युद्धात त्या देशावर जर्मनांचा ताबा होता. कारखाना शत्रूसाठी राबत होता आणि त्याच कारखान्यात काही इंजिनियर चोरून, युद्धानंतर विकण्याची नवी गाडी आखीत होते. त्याच दिवसांत प्रागच्या गल्ल्यांतून एक आवई फिरे, की बुटांना स्प्रिंगा लावलेला एक माणूस रात्री भिंतींवरून उड्या मारतो आणि जर्मन शिपायांना हुलकावणी देतो. लोक त्याला ‘पेराक’ म्हणत, म्हणजे स्प्रिंगवाला. १९४६ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती चोरून आखलेली गाडी झळकली. जावाच्या गाड्यांत पहिल्यांदाच मागच्या चाकाला स्प्रिंग होती. लोकांनी तिला नाव दिले, ‘पेराक’!

पुढे १९५४मध्ये जावाने मागचे चाक लांब चिमट्यात धरून दोन शॉकअब्सॉर्बरांवर झुलवले, आणि हेच रूप १९६१ साली मुंबईच्या रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला काढलेल्या कारखान्यातून आपल्याकडे बाहेर पडू लागले. इंग्लंडच्या रॉयल एनफील्डने १९४९च्या बुलेटला असाच झुलता चिमटा दिला होता; १९५५ साली मद्रासला कंपनी निघून तीही आपल्याकडची झाली. १९६२ सालची राजदूत पोलंडच्या वळणाची. (‘बॉबी’ चित्रपटात १९७३ साली धावलेली छोटी राजदूत पुढे ‘बॉबी’ नावानेच ओळखली गेली, तिचा बॉबरशी काही संबंध नाही, पण पोरे गोंधळतात.) थोडक्यात, ज्या गाड्यांवर आपल्या तीन पिढ्या वाढल्या, त्या सर्व लवचिक शेपटीच्या होत्या. ताठ शेपूट आपल्या रस्त्यांवरून केव्हाच गेली होती, आणि कोणी तिच्यासाठी रडले नव्हते.

ती परत आली ती नक्कल होऊन. हार्लेने १९५८ साली आपल्या मोठ्या गाडीला मागे स्प्रिंगा दिल्या आणि १९८४च्या सुमारास अशी एक गाडी काढली, की दिसायला ताठ पण पोटाखाली शॉकअब्सॉर्बर दडवलेले. डोळ्यांना आजोबांची गाडी, कमरेला नातवाची. म्हैसूरचा कारखाना १९९६मध्ये बंद पडला. २०१८ साली जावा नव्या मालकांच्या हाती परत आली, आणि तिने काढलेल्या एकट्या आसनाच्या बॉबरचे नाव ठेवले ‘पेराक’! पहिल्या पेराकला ते नाव मिळाले होते स्प्रिंगा मिरवल्याबद्दल; या नव्या पेराकने आपली स्प्रिंग आसनाखाली लपवली. इतिहासाचा असा विनोद कोणा नाटककाराला सुचला नसता. २०२४च्या नोव्हेंबरात रॉयल एनफील्डने गोव्यात ‘गोअन क्लासिक’ नावाची बॉबर दाखवली. सत्तरीच्या दशकात गोव्याच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुणे आणि स्थानिक कारागीर बुलेटींची जी मोडतोड करीत, तिचे ते कारखान्याने केलेले कौतुक.

हे सारे मी कपाटातली पुस्तके चाळून नुसत्या हौसेने गोळा केलेले नाही. आमच्या घरातच एका शेपटीचा प्रश्न उभा राहिला होता.

माझे थोरले बंधू वनखात्यात होते, नोकरी अल्लापल्लीची. १९७४ साली त्यांनी नागपुरात एक वापरलेली जावा घेतली, २५० सी.सी.ची. या गाडीचे एक वैशिष्ट्य नव्या पिढीला ठाऊक नसेल: किक मारण्याचा आणि गियर बदलण्याचा दांडा एकच. आधी तो दांडा आत दाबून वर फिरवायचा, किक मारायची, आणि मग तोच खाली पाडून गियर टाकायचा. पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालावे लागे आणि मागून निळसर धूर निघे. अल्लापल्लीहून भामरागडकडे जाणारी साठ-पासष्ट किलोमीटरची वाट तेव्हा सागवनातून जाणारी कच्ची वाट होती. पावसाळ्यात नाले भरले की तीही नाही. त्या वाटेवर, भामरागडच्या अलीकडे, हेमलकशाला २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला होता. डॉक्टर प्रकाश आणि डॉक्टर मंदाकिनी आमटे तिथे झोपडीत दवाखाना चालवीत. गडचिरोली जिल्हा अजून झालेला नव्हता. तो झाला १९८२च्या ऑगस्टात. सगळा मुलूख चंद्रपुरात मोडे आणि चंद्रपूर फार दूर होते.

माडिया गोंडांचे पाडे त्या अरण्यात विखुरलेले. रोगी आणायचा तर खाट बांबूला बांधून चार खांद्यांवर. दादांची जावा हे त्या भागातले एक दुर्मीळ वाहन. त्यामुळे तिचा मागचा अर्धा भाग कधीच त्यांच्या मालकीचा राहिला नाही. अस्वलाने चेहरा फाडलेला एक माणूस त्यांनी मधे बसवून, मागून त्याच्या भावाला धरायला लावून, तसा हेमलकशाला पोचवला होता. दादा ही गोष्ट फार सांगत नसत. विचारले तर म्हणत, “मागचा शॉकअब्सॉर्बर तेव्हा नवा होता, म्हणून जमले.” मी पुढे त्याच बाजूला शाळामास्तर झालो तेव्हा त्या सीटवर मीही बसलो आहे, माझ्या मांडीवर एकदा कोंबड्यांची टोपली होती आणि एकदा परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा.

दादा गेले. गाडी अल्लापल्लीच्या घरी गोणपाटाखाली पडून राहिली. यंदा उन्हाळ्यात माझा पुतण्या, जो आता भामरागड तालुक्यात शिक्षक आहे, मला म्हणाला, “काका, बाबांच्या जावाची मी हार्डटेल करणार.” त्याने मोबाइलवर चित्रे दाखवली. चित्रे सुंदर होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याचा युक्तिवादही अगदीच पोरकट नव्हता. नाहीतरी ती गंजत पडली आहे. मागच्या चिमट्याचे बुश गेलेले, शॉकअब्सॉर्बर बसलेले. मोडीत घालण्यापेक्षा कापून जिवंत करावी. “बाबांची गाडी रस्त्यावर तरी दिसेल,” तो म्हणाला. यावर मला चटकन उत्तर सुचले नाही.

हेमलकशाच्या बाजूला एका माडिया तरुणाचे लहानसे गॅरेज आहे. आश्रमशाळेत शिकलेला, पुढे आय.टी.आय. करून आलेला. आम्ही गाडी टेम्पोत घालून त्याच्याकडे नेली. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मागचे चाक उचलून हलवले, दोऱ्याने पुढचे-मागचे चाक एका रेषेत आहे का पाहिले. मग कोळशाने सांगाड्यावर दोन खुणा केल्या: कापायचे तर इथे आणि इथे. नवी नळी जुन्या नळीवर नुसती टेकवून वेल्डिंग करता येणार नाही. आत भरीव तुकडा घालून मग सांधावी लागेल. सांधताना सांगाडा साच्यात घट्ट धरला नाही तर लोखंड तापून वाकते, आणि मागचे चाक थोडे जरी तिरपे बसले तरी गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढते. तसा साचा त्याच्याकडे नव्हता, नागपूरला होता. हे सगळे त्याने मोजक्या शब्दांत सांगितले. आणि मग, कोळसा खिशात टाकता टाकता, माझ्याकडे वळून विचारले, “पण गुरुजी, मागं कोण बसणार?”

पुतण्या म्हणाला, “कोणी नाही. ही एकट्याचीच असते.”

त्या मुलाने मान हलवली. पटल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी. त्याच्या दारात त्या वेळी तीन मोटारसायकली उभ्या होत्या. एकीला मागे लाकडी फळी बांधून सीट वीतभर वाढवलेली होती. दुसरीवर तेंदूपत्त्याच्या पुड्यांचे दोर लोंबत होते. तिसरीवरून आलेले नवरा, बायको आणि तापाने मलूल झालेले लेकरू सावलीत बसले होते. दवाखान्यातून परत निघताना टायर बसले होते.

कायद्याचाही प्रश्न होताच. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्याचे ५२वे कलम म्हणते, की नोंदणीच्या पुस्तकात लिहिलेला तपशील कारखान्याने ठरवलेल्या मूळ रूपाहून वेगळा होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितले. दिव्यांग माणसासाठी गाडी जुळवून घेणे, परवानगीने इंजिन बदलणे, अशा वाटा मोकळ्या आहेत; सांगाडा कापण्याची नाही. शिवाय पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते, तेव्हा तपासनीस सांगाडा पाहणारच. पुतण्याला हे ठाऊक होते. “सगळेच करतात,” असे तो म्हणाला. ज्या पोरांना तो वर्गात नागरिकशास्त्र शिकवतो, ती पोरे त्या वेळी गॅरेजच्या दारात उभी राहून ऐकत होती. त्यांच्याकडे नजर गेल्यावर त्याने ते वाक्य तिथेच सोडले.

मी त्याला एवढेच म्हटले, की बाबांची म्हणून गाडी हवी असेल तर तिच्यात बाबांचे काय आहे ते आधी बघ. इंजिनात पिस्टन दोनदा बदललेला. टाकी एकदा रंगवलेली. टायर, चेन, तारा, काहीच मूळचे नाही. मूळचा आहे तो सांगाडा, आणि तू कापणार आहेस तोच. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने रुमाल काढून कोळशाच्या खुणा पुसल्या. पूर्ण पुसल्या गेल्या नाहीत.

शेवटी झाले ते असे. सांगाडा कापला नाही. चिमट्याला नवे बुश बसवले, शॉकअब्सॉर्बर नवे टाकले. नागपूरच्या भंगारातून दुसरा एक मडगार्ड आणला आणि तो छाटला. मूळचा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला. एकट्यापुरती, खाली स्प्रिंगा असलेली चामड्याची बैठक करून घेतली, दोन नटांवर बसणारी, पाच मिनिटांत निघणारी. नटबोल्टांना कोणी फेरफार म्हणत नाही, असे पुतण्याचे म्हणणे. मी वकील नाही. मे महिन्यात त्याने हेमलकशाच्या रस्त्यावरून ती फिरवली तेव्हा गॅरेजवाल्या मुलाने स्वतः दोन फेऱ्या मारून घेतल्या, आणि उतरल्यावर प्रथमच मोकळेपणी हसला. दिसते छान, हे मलाही कबूल करावे लागले.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी फोन केला. पर्लकोटेला पाणी चढू लागले होते. जुनी लांब सीट आणि कॅरियर परत चढले होते. शाळेजवळच्या पाड्यावरच्या एका म्हातारीला आठवड्याला दवाखान्यात न्यावे लागते.

“पावसाळा संपला की पुन्हा शेपूट काढतो, काका,” पुतण्या म्हणाला.